रिकामं जातं

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, पाणचक्कीच्या खोलीत दगड फिरत होता आणि आम्ही काही जण तो बघत उभे होतो. बहुतेकांचे मोबाईल वर. माझ्या शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, सोबत नात असावी. बराच वेळ ती गप्प होती. मग नातीला म्हणाली, "वैरण कोण घालतं गं याला?" वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे दाणे. नात म्हणाली, "कुणी नाही आजी, नुसतं दाखवायला ठेवलंय." म्हातारीनं पुढे होऊन दगडाच्या कडेपाशी हात नेला. चार बोटं जुळवलेली, अंगठा वर. पीठ कसं पडतंय ते बघायला नेतात तसा. बोटांना काही लागलं नाही तेव्हा हात मागे घेतला. "रिकामं जातं वढू नये," ती म्हणाली. "दगड दगडाला खातो." मागची माणसं पुढे सरकत होती, त्या दोघी बाहेर पडल्या, मीही पडले. हौदाच्या कठड्याशी पोरं माशांना खायला टाकत होती, उंच भिंतीवरून पाणी कोसळत होतं, त्याचे तुषार अंगावर येत होते. सगळं छान होतं. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण ते मी आधी ऐकलं होतं. आजोळी आजी आम्हाला रिकामं जातं फिरवू द्यायची नाही. खेळता खेळता आम्ही पोरं खुंट्याला हात घालायचो, त्या जड दगडाची घरघर फरशीतून पायात आणि पायातून पोटात जाणवायची, फार मजा वाटायची, आणि आजी चुलीपुढून ओरडायची. घरात भांडणं लागतात, असं ती सांगायची. आम्हाला ते खरं वाटायचं आणि आम्ही घाबरून हात काढायचो. त्यामागचं कारण मला फार उशिरा समजलं. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या दगडांमध्ये, दाण्यांचा पातळ थर असतो तोवर वरचा दगड खालच्याला टेकत नाही, दाण्यांवर तरंगतो. दाणे संपले की दगडावर दगड घासतो, टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, केलेल्या खाचा बोथट होतात आणि निघालेला कच पुढच्या दळणात उतरतो. भाकरी खाताना दाताखाली कचकन येतो तो हाच. आजीला हे सगळं ठाऊक होतं. सहा-सात वर्षांच्या पोरांना भांडणाची भीती लवकर कळते म्हणून तिनं ते तसं सांगितलं.

पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. हौद, मासे, वडाचं प्रचंड झाड, दर्गा, आणि मास्तर म्हणतात म्हणून ओळीत उभं राहून बघितलेला तो दगड. मोठेपणी गेले तेव्हा मला पहिल्यांदा त्यातली गरज दिसली. बुखाऱ्याकडून आलेले बाबा शाह मुसाफिर, त्यांची खानकाह म्हणजे सूफी मठ, तिथे येणारे फकीर, वाटसरू, मदरशातली मुलं. एवढ्या तोंडांना रोज रोटी लागणार आणि रोटीला पीठ. म्हणून सुमारे ३०० वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, मैलोन्मैल नुसत्या उताराच्या भरवशावर, खाम नदीच्या काठापर्यंत आणलं. तुर्कताज खान आणि जमील बेग खान या सरदारांची नावं या बांधकामाशी जोडलेली आहेत. इथे आल्यावर ते पाणी बंद नळातून उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढतं, तिथून हौदात पडतं आणि पडताना जो जोर मिळतो त्यावर चक्की. चाक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं चाक येतं. इथलं आडवं, जमिनीला समांतर. पाण्याची धार पात्यांवर आदळते, चाक गरकन फिरतं, मधला उभा कणा खालच्या दगडातून वर येऊन वरचा दगड आपल्यासोबत फिरवतो. मधे दातेरी चक्रं नाहीत, पट्टे नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. इतकं सरळ यंत्र की बिघडायला त्यात फारसं काही नाही.

हिमालयात याच जातीच्या चक्क्या ओढ्याओढ्यावर असतात, त्यांना घराट म्हणतात. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडतं. दगडाच्या वर धान्याची टोपली टांगलेली असते, तिच्या तळाशी एक छोटी लाकडी पन्हळ, आणि पन्हळीला बांधलेली काडी फिरत्या दगडावर टेकलेली. दगड खडबडीत, म्हणून काडी थरथरते, काडीमुळे पन्हळ हलते, पन्हळीतून चार-चार दाणे दगडाच्या तोंडात पडत राहतात. पाणी वाढलं, दगडानं वेग घेतला, की काडी जोरात नाचते आणि दाणे जास्त पडतात. पाणी ओसरलं की वैरणही आपोआप कमी होते. दगड आपल्याला पचेल तेवढंच मागून घेतो. वर कुणी माणूस बसलेला नसतो, तो शेजारी दुसऱ्याचं दळण भरत असतो किंवा उन्हात पडलेला असतो. ही काडी मला विजेच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडते. ज्या माणसाला ती पहिल्यांदा सुचली त्यानं कितीतरी दिवस दगडाशेजारी बसून नुसता आवाज ऐकला असणार.

आणि मग मला खरं टोचलं ते वेगळंच.

शहरात ३०० वर्षांपूर्वी पाणी दळत होतं आणि तिथून काही कोसांवरच्या गावात माझी आजी, तिची आई, तिची आजी हातानं दळत होत्या. रोज. पहाटे तीन-चारला उठून. पाण्याला हे काम येतं ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती असं नाही. बाजारला, दर्ग्याला, लग्नाकार्याला माणसं शहरात जातच होती. मग एकाही गावच्या ओढ्यावर चक्की का झाली नाही? मी याचा बराच विचार केला आणि माझं उत्तर पुन्हा दगडापाशीच आलं. देशावरच्या नद्या पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहतात आणि होळीच्या आत त्यांची वाळू दिसायला लागते. आपण पर्जन्यछायेत, काळ्या बेसाल्टच्या थरांवर राहतो. हा कठीण पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही आणि फारसं साठवतही नाही. ज्या ओढ्यावर चक्की बांधायची तो फाल्गुनात आटणार आणि भूक तर बारमाही. वर्षभर पाणी हवं तर डोंगरातून नहर खोदून आणावी लागणार. त्यासाठी बाबांसारखं कुणीतरी हवं, सरदारांची तिजोरी हवी, नहर साफ ठेवणारी माणसं हवीत. गावाकडे यातलं काही नव्हतं. होता तो दगड. ज्या पाषाणानं पाणी धरलं नाही त्याचीच जाती घडली, आणि पाण्याची जागा बाईच्या दंडानं घेतली.

आजीचं जातं ओसरीच्या कोपऱ्यात रोवलेलं होतं. खालची तळी जमिनीत पक्की, भोवती मातीची पाळ, पीठ पडायला. मधोमध लोखंडी खीळ. वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली माकडी, आणि त्या माकडीवर, म्हणजे एका खिळीच्या टोकावर, एवढा जड दगड तोललेला. खिळीला चिंधीचा वेढा दिला की वरची तळी केसभर उचलली जायची; मग डाळ भरडली जायची, पीठ व्हायचं नाही. वेढा काढला की पुन्हा पीठ. हे सगळं अंतर बोटांच्या अंदाजानं. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं वैरण. मूठ कधी रिकामी करायची हे डोळ्यांनी बघायचं नसतं, पहाटे दिसतंय कुठे? जात्याच्या आवाजावरून कळतं. दाणे भरपूर असले की आवाज दाट आणि खालचा. कमी पडायला लागले की कोरडा होतो, वर चढतो. तो पुरता कोरडा होण्याच्या आत मूठ तोंडात गेली पाहिजे. जास्त घातली तर भरड येते, कमी घातली तर कच. घराटातली ती काडी जे काम करते ते आजीचा कान करायचा. म्हणजे ती एकटी पाणी होती, चाक होती, काडी होती, आणि पीठ तपासणारा चक्कीवालाही होती.

दगडाला टाकी लावायला बाई यायची. उन्हाळ्यात, दुपारची, डोक्यावर पाटी, पाटीत हातोडी, दोन-तीन टाक्या, कडेवर पोर. "जातं टाकीऽऽ, पाटा टाकीऽऽ" अशी तिची हाळी वेशीपासून ऐकू यायची. वरची तळी उलथी करून ती तिच्यासमोर फतकल मारून बसायची आणि ठक ठक ठक सुरू. डोळे बारीक केलेले, दगडाची भुकटी पापण्यांवर बसलेली. हातोडी एका लयीत पडायची आणि टाकी मात्र दर ठोक्याला गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकायची. आम्ही पोरं गोल करून बसायचो, उडणारी कपची डोळ्यात जाईल म्हणून आजी मागे ओढायची, आम्ही परत पुढे. तोंडाजवळचे घाव आणि कडेचे घाव वेगळे असायचे, आवाजावरूनही ते कळायचं. मधूनच ती तळहात दगडावरून फिरवायची, आणि मग आजी फिरवायची, दोघी एकमेकींकडे बघायच्या, पुन्हा थोडं ठक ठक. सुपात ज्वारी घेऊन ती निघून गेली की आजी आधी मूठ-दोन मूठ कोंडा-कणी दळून घ्यायची आणि ते पीठ लांब उकिरड्यावर टाकायची, जनावरालाही नाही. त्यानंतरचं दळण घरचं. या बाईचं नाव मला कधीच कळलं नाही. एके काळी आमच्या अख्ख्या गावाचं पीठ तिच्या हातावर अवलंबून होतं.

ओव्यांबद्दल बोलायला मला जरा अवघड जातं. हेमा राइरकर आणि गी प्वाट्व्हँ यांनी गावोगाव हिंडून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या वाचताना, ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. सासर, माहेर, लेक, भाऊ, पंढरी, न बोलता येणारं सगळं तिथे बोललं गेलंय. इतकं मोठं काव्य अक्षर न गिरवलेल्या बायकांनी रचलं, याचा मला अभिमान आहे. पण जात्याचं कौतुक करणारं भाषण कुणी सुरू केलं की माझं मन आखडतं. जनाबाईची गोष्ट आपण सगळे जाणतो. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं म्हणून जातं दाखवतात. ती दळायची आणि विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसायचा. लहानपणी या गोष्टीत मला भक्ती दिसायची, आता मागणी दिसते. मोक्ष, दर्शन, संपत्ती, काहीही मागता आलं असतं. बाईच्या मनात देव आला तो खुंट्याला पलीकडून हात लावायला. समोर दुसरी बाई बसली की दगड अर्धा हलका होतो, हे ज्यांनी ओढलंय त्यांना माहीत असतं.

आई पलीकडच्या बाजूला बसायची. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती लहानच होती. आजी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी परत यायची, आणि पहाटे पुन्हा जात्यावर. दिवसा दगड फोडायचा आणि पहाटे दगड ओढायचा, असं ते वर्ष होतं, हे आईचे शब्द. घरची ज्वारी संपलेली, रेशनवर लाल मिलो मिळायची. तिच्या पिठाला विरी नसायची, थापताना भाकरी तुटायची, आजी गरम पाण्यात पीठ उकडून घ्यायची आणि कशीबशी तव्यापर्यंत न्यायची. आईनं या सगळ्याची तक्रार कधी केली नाही. ओवी म्हणून दाखव म्हटलं तर मात्र ती टाळते. दगड फिरत असल्याशिवाय शब्द येत नाहीत म्हणते, आणि दगड फिरवायची तिची इच्छा नाही.

दुष्काळ सरल्यावर काही वर्षांत गावात इंजिनाची गिरणी आली. तिचा पुक पुक आवाज शिवारापर्यंत जायचा. पहिल्या दिवशी लोक नारळ घेऊन गेले आणि बायका डबे घेऊन. आजीनं गिरणीच्या पिठाला नावं ठेवली. पीठ चटका बसेल इतकं गरम येतं, जळकट वास येतो, भाकरीला ती चव नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दगड जोरात फिरला की पीठ तापतं, आणि बाजरीसारख्या तेलकट धान्याचं पीठ तसंही चार दिवसांत कडू व्हायला लागतं. जात्याचं पीठ थंड पडायचं आणि रोजचं रोज संपायचं, शिळं व्हायला वेळच नसायचा. पण नावं ठेवत ठेवत आजी दर आठवड्याला डबा घेऊन रांगेत उभी राहिली. जात्यावर फक्त डाळ, भरडा आणि सणावाराची भाजणी राहिली. मी पाहिलं ते हे उरलेलं जातं.

माझ्या हाताला घट्टे नाहीत. आजीच्या तळहातावर बोटांच्या मुळाशी चार होते, पिवळट, कडक. ते मला नकोत आणि माझ्या मुलीला तर मुळीच नकोत. गिरणीनं माझ्या आईला झोप दिली, शाळेतली माझी वर्षं त्या झोपेतूनच आली आहेत, हे मी विसरू शकत नाही. तरी एका गोष्टीनं मला वाईट वाटतं. आजीच्या हातात कष्ट होते आणि त्याच हातात ज्ञानही होतं, आणि कष्ट टाकून देताना आपण दुसऱ्याकडे बघितलंच नाही. नहर कुणी बांधली त्यांची नावं आपल्याला मिळतात. रोज पहाटे नहरीचं पाणी सोडून, दगडाचा आवाज ऐकून, अंगठ्यावर पीठ चोळून पाहणारा चक्कीवाला कोण होता, दगडाला टाकी कोण लावत होतं, हे मला त्या आवारात कुठे सापडलं नाही. पाणी असेल त्या दिवसांत तिथे खरंच ज्वारी-गहू दळावं, दगडाला टाकी कशी लावतात हे कुणीतरी येणाऱ्यांना दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना अजून येतं ती माणसं म्हातारी होत चालली आहेत.

आमच्या कॉलनीतल्या गिरणीवाल्यांशी मी यावर बोलले. डबा ठेवताना मी नेहमी थांबते, त्यांचं काम बघायला आवडतं. ज्वारी बाजरीनंतर घालायची की आधी, गव्हाचं दळण कुणाच्या मागे गेलं तर चालेल, हा क्रम त्यांच्या डोक्यात पक्का असतो. पिठाच्या कापडी नळीखाली हात धरतात, चिमूट अंगठ्यानं तर्जनीवर पसरतात आणि न बोलता चाक थोडं आवळतात. त्यांचे दगड कुरुंदाचे, कारखान्यातून येणारे, पण त्यांनाही टाकी लावावी लागते. गिरणी बंद असते त्या वारी ते स्वतः लावतात. मी त्यांना फोनवर आजीच्या जात्याच्या वरच्या तळीचा फोटो दाखवला. मामांनी गावचं घर पाडताना ती बाजूला काढून ठेवली आहे. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, कडेवरून नख फिरवलं, जसं काही दगडच हातात आहे. "कडा पार गुळगुळीत झाल्यात," म्हणाले. "माझे वडील लावायचे असल्या दगडाला. मी लहानपणी धरून बसायचो नुसता. घेऊन या, प्रयत्न करू. पण आधी सांगा, पीठ करायचं की भरडा? टाकी तशी लावावी लागेल."

मला उत्तर देता येईना म्हणून मी तिथूनच आईला फोन लावला. गिरणी सुरू होती, मी ओरडून विचारलं. "भरडा कर," ती म्हणाली. "पीठ गिरणीतूनच आण, उगीच खांदे दुखवून घेऊ नकोस." मी हो म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "आणि त्यांना सांग, तोंडाशी खोल घ्या, कडेला हलक्या हातानं. कडेला जास्त घेतलं तर डाळीचा चुरा होतो."